मागचं मडगार्ड पुसायचं नाही

दादा मला बोलावतो तेव्हा घरात इंग्रजीत लिहिलेलं काहीतरी आलेलं असतं. औषधाच्या खोक्यावरची बारीक अक्षरं, नाहीतर मोबाइलवर आलेला एखादा मेसेज. एरवी माझ्या शिक्षणाचा त्याला उपयोग नाही आणि तसं तो मला तोंडावर सांगतोही. त्यामुळे दिवाळीच्या आधी त्याचा फोन आला तेव्हा मी चष्मा खिशात टाकूनच निघालो.

"राजारामपुरीत दुकान हाय म्हणं," तो म्हणाला. "गाडीला लावायचं मेण मिळतंय. डब्यावर सगळं इंग्लिशमदीच असतंय. तू चल."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमचं घर गवळ्याचं, शनिवार पेठेतलं. मी इतिहास शिकवायला कॉलेजात गेलो आणि निवृत्त होऊन आता तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो. तो गोठ्यात राहिला. एके काळी त्या गोठ्यात माणसाला उभं राहायला जागा नसायची. आता एकच म्हैस उरली होती. काळी कुळकुळीत, मागे वळलेल्या शिंगांची, घरातल्या सगळ्यांपेक्षा शांत. दिवाळी झाली की तीही विकायची, गोठा पाडायचा आणि त्या जागेत भाड्याने द्यायला गाळे काढायचे, असं दादाच्या मुलाने ठरवलं होतं.

पुतण्याचं म्हणणं बरोबर होतं, हीच खरी अडचण होती. वहिनीचे गुडघे गेले होते आणि शेण काढायला तीच वाकत होती. आजूबाजूला मजले चढले होते आणि वरच्या खिडक्यांतून लोक नाकाला रुमाल लावून खाली बघायचे. वैरण विकत, पेंड विकत, आणि हिशेब मांडला तर म्हैस दादाला पोसत नव्हती, दादा म्हशीला पोसत होता. पुतण्या एमआयडीसीत नोकरीला आहे, सरळ मुलगा आहे. तो वाईट असता तर दादाला भांडता आलं असतं.

भांडता येत नाही म्हणून दादाने पाडवा गाठायचं ठरवलं. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशींची मिरवणूक असते. म्हशी भादरून, नदीवर धुऊन, शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांच्या माळा घालून रस्त्यावर आणतात आणि मालक मोटारसायकलवर पुढे, म्हैस दावं न बांधता मागे, अशी पळवतात. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. हसू दे. दादाचं म्हणणं असं, की पोराने आपली म्हैस पळताना नीट बघितलेलीच नाही. लहानपणी शाळा, मग क्लास, मग कंपनीतली पाळी. एकदा ती भर गर्दीत गाडीमागे सुटली आणि लोक बाजूला झाले, की त्याचं काळीज हलेल आणि गाळ्यांचा विषय निघणार नाही.

मी इतिहास शिकवलेला माणूस. राजवटी बुडायला आल्या की शेवटची मिरवणूक सगळ्यांत मोठी काढतात, हे मला माहीत होतं. पण हे थोरल्या भावाला सांगायचं नसतं.

आता मेणाचं. दादाची मोटारसायकल जुनी, टू-स्ट्रोक, मागे निळसर धूर सोडणारी. आजऱ्याच्या एका काजूवाल्याकडून त्याने ती जुनीच घेतली होती. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवायचे आकडे, त्यावरून वर्षानुवर्षं ठिबकलेलं दूध, सरकी पेंडीचा भुगा, इंजिनाचं तेल, सगळं एकमेकांत मुरलेलं. संध्याकाळी गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर, गिऱ्हाइकासमोर धार काढायला, म्हैस न्यायची ती याच गाडीमागे. ती कधी चुकली नाही. मिरवणुकीत बाकीचे सायलेन्सरची पुंगळी काढून कान फाटतील असा आवाज करतात, म्हैस आवाजामागे पळते म्हणून. दादाचं मत वेगळं होतं.

"आवाज समद्यांच्याच गाडीला असतोय," तो म्हणायचा. "त्यातनं तिला आपली गाडी कशी गावती? वासानं."

याला त्याच्याकडे पुरावा होता. दसऱ्याला पुतण्याने प्रेमाने ती गाडी वॉशिंग सेंटरवर नेऊन धुऊन आणली. त्या लोकांनी शेवटी कसलासा सुगंधी फवारा मारून दिला. त्या संध्याकाळी म्हैस कट्ट्याच्या वाटेवर थांबली, नाक वर केलं, आणि हलायला तयार होईना. शेवटी दादाने गाडी तिथेच लावली आणि तिला दाव्याने ओढत घरी आणलं. पुतण्या म्हणाला, योगायोग आहे. दादाने त्यानंतर कितीतरी दिवस गाडी पुसलीही नाही. किटलीतलं उरलेलं दूध जाता-येता मागच्या मडगार्डवर शिंपडायचा. वास परतला आणि म्हैसही परत मागे येऊ लागली.

तर पाडव्याला गाडी चकाकली पाहिजे, पण तिला दुसरा वास लागता कामा नये. अशा मेणाच्या शोधात आम्ही राजारामपुरीत गेलो.

त्या जागेला दुकान म्हणायचं नसतं, स्टुडिओ म्हणायचं असतं. दारावर तसं लिहिलं होतं. आत पांढरे दिवे, काळ्या भिंती, आणि मधोमध एक परदेशी बनावटीची मोटारसायकल, तिच्याभोवती हातमोजे घातलेले दोन तरुण. ऑपरेशन थिएटरची कळा होती. त्यातल्या एकाने आमच्याकडे बघितलं, मग बाहेर लावलेल्या आमच्या गाडीकडे बघितलं, आणि हातमोजे काढले.

"बोला अंकल."

"मेण दाखवा, पावणं," दादा म्हणाला.

"वॅक्स? पेस्ट, लिक्विड, स्प्रे? की सिरॅमिक कोटिंग करून घेताय? एकदा सिरॅमिक केलं की बघायला नको."

"बघायला नको तर करायचं कशाला?"

त्या तरुणाला हा प्रश्न आधी कुणी विचारला नसावा. त्याने मांडणीवरून डबे काढून काउंटरवर लावायला सुरुवात केली. आधी शाम्पू, मग डिग्रीजर, मग चिखल ओढून घेणारी माती, मग पॉलिश, मग मेण, मग मेणावर मारायचा फवारा. एका गाडीला आंघोळ घालायला एवढे विधी. मुंजीत इतके नसतात. मी डबे वाचून दाखवू लागलो. शोरूमसारखी चकाकी, असं एकावर लिहिलं होतं.

"शोरूम कुणी बगितलाय," दादा म्हणाला. "पुढचं वाच."

पुढच्यावर आरशासारखी खोल चमक होती. त्याच्या पुढच्यावर रेशमी कवच. एवढी विशेषणं मी दरबारी प्रशस्तीत वाचली होती, आणि तिथेही लढाई हरलेल्यांच्याच.

दादा मात्र ऐकत नव्हता. तो एकेक झाकण उघडून डब्याला नाक लावत होता. एकाला स्ट्रॉबेरीचा वास होता, एकाला आंब्याचा, एकाला खोबऱ्याचा. निळ्या बाटलीला समुद्राचा वास आहे असं तो तरुण म्हणाला. रत्नागिरीला जाऊन आलेला कुणीही त्याला तसं म्हणू देणार नाही.

"बिनवासाचं न्हाय?"

"अंकल, वास फ्री आहे. त्याचे वेगळे पैसे नाहीत."

"फुकट असला तरी नको. आणि ह्ये जनावरानं चाटलं तर?"

"जनावर म्हणजे, डॉगी?"

"म्हस."

परदेशी गाडीचा मालक कोपऱ्यात कॉफी पीत बसला होता. त्याने मान वर केली. तरुण माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, मागे सेफ्टीचं लिहिलेलं असतं, बघा ना." मी बघितलं. लहान मुलांपासून लांब ठेवावे, एवढंच होतं. तेच मी दादाला सांगितलं.

"पोरगं एकच हाय," दादा म्हणाला. "ते आपसूकच लांब ऱ्हातंय."

शेवटी त्या तरुणाने खालच्या कप्प्यातून एक चपटा पत्र्याचा डबा काढला. जुना माल, आता कुणी मागत नाही, हाताने घासावं लागतं, असं त्याने बजावलं. पिवळट, घट्ट मेण. दादाने नाक लावलं, बोटाला घेऊन अंगठ्याने चोळलं, आणि मान हलवली. त्याला वास नव्हता, म्हणजे मेणाचा होता तेवढाच. सोबत एक मऊ कापड घेतलं. शाम्पू घेतला नाही, डिग्रीजर तर हातातही धरलं नाही. त्यात तेल निघतं असं मी वाचून दाखवलं होतं आणि तेल निघायलाच नको होतं.

गाडी स्वच्छ करण्याची दादाची पद्धत मी नंतर कुठे पाहिली नाही. पुढचा अर्धा भाग माणसांसाठी, मागचा अर्धा म्हशीसाठी. टाकी, हँडल, दिव्याची वाटी, पुढचं मडगार्ड, पुढच्या चाकाच्या तारा, हे सगळं त्याने साध्या पाण्याने धुतलं, वाळवलं आणि मेण लावून घासलं. सीटच्या मागे तो गेलाच नाही. किटल्यांचे आकडे, चेनवरचं काळं, मागचं मडगार्ड, सगळं जसंच्या तसं. मी सहज म्हणून त्या मडगार्डवर कापड टेकवलं तर त्याने माझा हात धरला.

"तिथं न्हाय. मागनं ती येती."

"लोक मागूनही बघतील की."

"लोकांना काय कळतंय. त्यास्नी पुढनं बगू दे."

पुतण्या दारात उभा राहून बघत होता. "काका, अर्धीच गाडी पुसायची ही कुठली रीत?" तो मला म्हणाला. "आबांना सांगा, माझ्याकडं चांगला स्प्रे आहे. दोन मिनटांत मागचं पण करून देतो."

"तू लांब ऱ्हा," दादा न बघताच म्हणाला. आवाजात राग नव्हता. पुतण्या हसला आणि आत गेला. त्याला खरंच मदत करायची होती. त्या घरात सगळ्यांना एकमेकांना मदतच करायची होती.

टाकी मात्र सुरेख निघाली. तिचा लाल रंग मी विसरून गेलो होतो. दादाला एवढा आनंद झाला की उरलेलं मेण घेऊन तो गोठ्यात गेला आणि म्हशीची शिंगं घासू लागला. दरवर्षी तेल लावायचा. यंदा मेण. म्हैस डोळे मिटून उभी राहिली. शिंगं अशी चकाकली की त्यांत दिव्याची तार दिसत होती.

त्याचा घोटाळा पाडव्याच्या सकाळी कळला. वहिनी आरतीचं ताट घेऊन आली. गाडीच्या टाकीवर बोटाने कुंकू लावलं तर ते घसरलं. पुन्हा लावलं, पुन्हा घसरलं. म्हशीच्या शिंगांवर तेच. ऑइल पेंटचे पट्टेसुद्धा ओघळले. पाणी टिकणार नाही असं डब्यावर लिहिलं होतं, आणि मी ते मोठ्याने वाचूनही दाखवलं होतं. कुंकूही त्याच न्यायाने टिकणार नाही, हे आम्हा दोघांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"मी लावतोय तर बसंनाच झालंय," वहिनी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "ह्ये काय लावून ठेवलंयसा? सणाचं कुकू बसत न्हाय म्हंजे काय?"

"कपाळावर लाव की," दादा म्हणाला. "कपाळाला मेण न्हाय लावलेलं."

तिने म्हशीच्या कपाळावर लावलं. तिथे बसलं. गाडीला तिने मागच्या मडगार्डवर लावलं. तेल आणि दूध मुरलेल्या त्या पत्र्यावर कुंकू असं धरलं की बोट सुटेना. दादाला तो शुभशकुन वाटला.

मिरवणुकीच्या रस्त्याला मांडव होता, मांडवात पुढारी होते, पुढाऱ्यांच्या मागे त्यांचेच मोठे फोटो होते. एकाच माणसाला दोन आकारांत बघायची आपल्याकडे सोय असते. निवेदक प्रत्येक म्हशीला 'लाडकी' आणि प्रत्येक पुढाऱ्याला 'कणखर' म्हणत होता, आणि उन्हात त्याची कधीतरी अदलाबदल होईल अशी मला आशा होती. झाली नाही. फेटे, नारळ, ढाली. दादाला फेटा बांधला तेव्हा तो अवघडून उभा राहिला. कॉलेजची चार पोरं त्याच्या टाकीवर वाकून स्वतःचे केस नीट करत होती. "आजोबा, काय लावलंय?" एकाने विचारलं. दादाने गंभीरपणे त्याला डब्याचा रंग सांगितला.

मग त्याची पाळी आली. पुंगळी त्याने काढली नव्हती, पोलिसांचं भय म्हणून पुतण्याने काढू दिली नव्हती. त्यामुळे त्याच्या गाडीचा आवाज मागच्या पुढच्या गाड्यांत कुठल्या कुठे बुडाला. मला वाटलं, संपलं. दादाने मागे वळून पाहिलं नाही. गाडी पहिल्या गिअरात टाकली आणि सोडली.

म्हैस उभी होती. तिने नाक वर केलं. आणि सुटली.

ते मला नीट लिहिता येत नाही. एवढं जड जनावर, पायांत चाळ बांधलेले, आणि मागच्या मडगार्डपासून हातभर अंतर ठेवून ते असं पळत होतं जसं काही कुणी दोरीने जोडलंय. माणसं बाजूला झाली. गाडी वळली, ती वळली. दादाने ब्रेक दाबला, ती थांबली, आणि लाळ गाळत सीटच्या मागे नाक लावून उभी राहिली. शिट्ट्यांनी निवेदकाचा आवाज झाकला, त्याबद्दल मी तिचा वेगळा आभारी आहे. पुतण्या सगळं मोबाइलवर घेत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पाहिलं, दादानेही पाहिलं.

"बगितलास?" घरी जाताना दादा माझ्या कानाशी म्हणाला. "हाललं की न्हाय पोरगं?"

हललं होतं. हललेल्या माणसाने त्याच संध्याकाळी तो व्हिडिओ सगळीकडे पाठवला. खाली 'नादखुळा' असं लिहिलं, आगीची चित्रं टाकली, आणि आमच्या आबांची म्हैस असं अभिमानाने सांगितलं. लोकांनी बघितला. भाऊबीजेला मी ओवाळून घ्यायला बहिणीकडे गेलो होतो तिथेही तिच्या घरच्यांनी तो मला दाखवला, मी मिरवणुकीत नव्हतोच अशा थाटात.

भाऊबीजेनंतर उचगावचे एक गृहस्थ आले. त्यांचा मोठा गोठा, हौशी माणूस, पुढल्या पाडव्यासाठी म्हैस हवी होती. ते व्हिडिओ बघून आले होते. एरवी गाभण नसलेल्या, उतरत्या वयाच्या म्हशीला कुणी विचारलं नसतं आणि पुतण्याला ती कशी खपवावी याचा घोर होता. आता भाव चांगला आला. पुतण्या दादासमोर बसून हे सांगत होता, तेव्हा त्याला वाटत होतं की तो आनंदाची बातमी देतोय. "कत्तलीला जाईल म्हणून तुम्हाला वाईट वाटत होतं ना, आबा? आता राणीसारखी ऱ्हाईल. पुढल्या पाडव्याला आपणच बघायला जायचं."

दादा म्हणाला, "बरं."

उचगावच्या पाहुण्यांना गाडीही हवी होती. म्हैस याच गाडीमागे येते हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, बहुधा दादानेच, कौतुकाच्या भरात. पुतण्या म्हणाला, तशीही ती आता कुणी चालवणार नाही.

टेम्पो आणला होता. पण पाहुणे हौशी. म्हणाले, तीच येती का बघूया. त्यांचा एक गडी गाडीवर बसला. दादाने त्याला जवळ जाऊन सांगितलं, "तिसऱ्यात टाकू नगा. ती धाप टाकती. आणि गाडी धुवू नगा. मागनं तर अजिबात न्हाय."

"न्हाय धुत, मामा," तो म्हणाला.

दादा म्हशीच्या खांद्याशी उभा होता. मला वाटतं, त्या क्षणापर्यंत त्याला खात्री होती. गाडीवर परका माणूस, अनोळखी पाठ. ती जागची हलणार नाही, दावं लावून ओढावी लागेल, पाहुणे वैतागतील, आणि निदान काही दिवस तरी गोष्ट पुढे ढकलली जाईल. गाडी सुरू झाली, निळसर धूर निघाला. म्हशीने नाक वर केलं. दादाच्या हातावरून तिची पाठ पुढे सरकली, शेपटी त्याच्या मनगटाला घासून गेली, आणि ती बोळातून बाहेर पडली. हातभर अंतर. वळण आलं, ती वळली.

त्याचं म्हणणं शब्दन्‌शब्द खरं होतं. ती वासामागे जात होती. सगळ्यांशी वाद घालून, मेणाचे डबे हुंगून, माझा हात धरून त्याने जे सिद्ध केलं, त्याचा दुसरा अर्थ त्याने इतकी वर्षं काढला नव्हता. मीही काढला नव्हता.

आम्ही तिघे बोळाच्या तोंडाशी उभे होतो. चाळांचा आवाज रिक्षांत मिसळला. पुतण्याने बापाच्या खांद्यावर हात ठेवला. दादाने तो झटकला नाही. मग त्याने विचारलं,

"गाळ्यांची शटरं कुणीकडनं काढणार? रस्त्याकडनं, का बोळाकडनं?"

"रस्त्याकडनं, आबा," पुतण्या म्हणाला. त्याच्या आवाजात सुटकाही होती आणि उत्साहही. घरापर्यंत तो हातवारे करून सांगत राहिला, भिंत कुठे येईल, मोरी कुठे, पाण्याची टाकी कुठे. दादा मान डोलावत चालला होता. मध्येच एकदा, नीट समजून घ्यायचं म्हणून, त्याने मोरीचं पुन्हा विचारलं.